प्रमोशनच्या फायलीत सायटेशन मोजतात, पण पेपर वाचतं कोण?

तलावपाळी

नमस्कार मंडळी. इथे प्राध्यापक, पीएचडी करणारे, लायब्ररीत काम करणारे बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात एका कॉलेजात शिकवतो, सायन्सला. यंदा कॅसच्या फायली तपासणाऱ्या कमिटीवर माझं नाव आलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅस म्हणजे करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, थोडक्यात प्राध्यापकांचं प्रमोशन. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या रेग्युलेशनप्रमाणे कॉलेजात असोसिएटचं प्रोफेसर व्हायला किमान १० पेपर आणि ११० रिसर्च स्कोअर लागतो. स्कोअर काढायचा एक तक्ता आहे. सायन्सवाल्यांना एका पेपरचे ८ गुण, आर्ट्सवाल्यांना १०, मग जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्यातल्या लेखांना पुढे इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं, म्हणजे साइट केलं, तो आकडा) त्यावर भर, म्हणजे फॅक्टर नसेल तर ५, एकच्या आत असेल तर १०, मग १५, २०, २५ करत दहाच्या वर गेला की ३०. लेखक दोन असतील तर दोघांना ७०-७० टक्के, जास्त असतील तर पहिल्याला किंवा करस्पाँडिंग ऑथरला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला) ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के.

गेल्या मीटिंगला दोन फायली शेजारी शेजारी होत्या. एक झूलॉजीच्या मॅडमची. ही बाई वर्षानुवर्षं ओहोटीची वेळ बघून चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने खाडीत उतरते, गुडघाभर गाळात, एका हातात चाळणी, दुसऱ्या हातात फॉर्मॅलिनच्या बाटल्यांची पिशवी, आणि गाळातले किडे, कालवं, शिंपले कुठे किती आहेत ते लिहून ठेवते. कोळीवाड्यातली म्हातारी माणसं तिला नावानिशी ओळखतात, निवट्या कुठून गायब झाल्या ते तिला येऊन सांगतात आणि ती तेही वहीत लिहिते. पेपर दहाच, सगळे एकेका विद्यार्थ्याबरोबर, जर्नल साधी, इम्पॅक्ट फॅक्टर नसलेली. आता हिशोब बघा. ८ अधिक ५ म्हणजे १३, त्याचे ७० टक्के ९.१. दहा पेपरचे ९१. फाइल अडकली.

दुसरी फाइल एका सरांची. मटेरियल्सवर भरपूर पेपर, बहुतेक ठिकाणी पाच-सहा लेखकांत शेवटून दुसरं वगैरे नाव. इम्पॅक्ट फॅक्टर पाचच्या वर असलेलं जर्नल असेल तर ८ अधिक २५ म्हणजे ३३, त्याचे ३० टक्के ९.९. म्हणजे सहाव्या नंबरच्या लेखकाला एका पेपरचे जेवढे मिळतात तेवढेही गाळात उभं राहून स्वतः लिहिलेल्या पेपरला मिळत नाहीत. सरांबद्दल माझं काही वाईट मत नाही, माणूस कष्टाळू आहे, पण त्या पेपरात त्यांनी नक्की काय केलं हे फायलीवरून कोणालाच कळत नव्हतं. त्यात एका मेंबरनी मोबाइलवर गूगल स्कॉलर उघडलं, दोघांचा एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांची सायटेशन मिळून काढलेला एकच आकडा) मोठ्याने वाचला, झालं, टेबलावरचं वातावरणच बदललं.

मी म्हटलं, दोघांचा एकेक पेपर उघडून बघू या का. उत्तर आलं, सर, पेपर जर्नलने तपासलेत, आपण कशाला परत तपासायचे, आपण फक्त व्हेरिफाय करायचं.

मला हेच पटत नाही. ज्या समितीपुढे माणसाच्या वीस वर्षांच्या कामाचा निकाल लागतो तिने त्यातलं एक पानही वाचू नये? पुढची मीटिंग आहे अजून, त्यात मला काहीतरी ठोस मांडायचंय. तुमचे अनुभव आणि माहिती द्या.

घोडबंदर_रोड

सर अगदी मनातलं. आमच्याकडे पीबीएएस फॉर्म (प्रमोशनसाठी स्वतःच्या कामाचा हिशोब द्यायचा फॉर्म) भरायच्या सीझनला स्टाफरूममध्ये फक्त दोनच प्रश्न, स्कोपस आहे का (म्हणजे जर्नल त्या सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे का) आणि क्यू किती (म्हणजे क्रमवारीत जर्नल कितव्या चतुर्थांशात). विषय काय हे कोणी विचारत नाही. वाचतोय.

ग्रंथपाल_वाशी

लायब्ररीवाली म्हणून लिहिते कारण हे आकडे मुळात आमच्यासाठी जन्माला आले आणि हे फार कोणाला माहीत नसतं.

युजीन गारफील्ड नावाचा माणूस, त्याने १९५५ साली सायन्समध्ये सायटेशन इंडेक्सची कल्पना मांडली. हेतू हा की एखाद्या पेपरला पुढे कोणी संदर्भ म्हणून घेतलं ते शोधता यावं, म्हणजे जुना पेपर वाचणाऱ्याला नंतर त्यावर झालेली टीकासुद्धा सापडेल. साठच्या दशकात सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला, १९७५ पासून जर्नल सायटेशन रिपोर्ट्स. इम्पॅक्ट फॅक्टर वापरायचा तो बजेट कमी असताना कोणती जर्नल घ्यायची कोणती बंद करायची यासाठी. म्हणजे जर्नल निवडायला. माणूस निवडायला तो कोणी बनवलाच नव्हता.

गणित सोपं आहे. समजा २०२३चा फॅक्टर काढायचाय, तर २०२१ आणि २०२२ मध्ये त्या जर्नलात आलेल्या मजकुराला २०२३ मध्ये किती वेळा साइट केलं ते वर, आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या खाली. यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, संपादकीय, पत्रं यांची सायटेशन वर मोजली जातात पण खाली त्यांची संख्या धरत नाहीत. दुसरी जास्त महत्त्वाची, ही सरासरी आहे आणि सायटेशन कधीच सारखी वाटलेली नसतात. नेचरने स्वतःच २००५ साली लिहिलं होतं की त्यांच्या आदल्या वर्षीच्या इम्पॅक्ट फॅक्टरमधली ८९ टक्के सायटेशन फक्त २५ टक्के पेपरांमुळे आहेत. म्हणजे नेचरमधल्या बाकीच्या पेपरांना तो मोठा आकडा शेजाऱ्यांच्या जिवावर मिळतो.

याहून डोळे उघडणारं उदाहरण अ‍ॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका ए या जर्नलचं. क्रिस्टलची रचना काढायला वापरतात त्या शेल्क्स सॉफ्टवेअरवर २००८ साली त्यात एक पेपर आला, जो तो सॉफ्टवेअर वापरला की तो साइट करणार. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २ च्या आसपास होता तो २००९ला जवळजवळ ५० झाला. एका पेपरमुळे! त्या काळात त्याच जर्नलात ज्यांचे इतर पेपर आले, ते एका रात्रीत पंचवीसपट चांगले संशोधक झाले का? आपल्या तक्त्याप्रमाणे मात्र त्यांना पूर्ण ३० गुण.

आणि एक. त्या रेग्युलेशनमध्ये इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे बघा असं लिहिलंय, तो धंदा २०१६ लाच विकला गेला आणि आता क्लॅरिव्हेट नावाने चालतो. हे सांगते कारण याच गोंधळाचा फायदा घेऊन पैसे घेऊन इम्पॅक्ट फॅक्टर देणाऱ्या कितीतरी वेबसाइट निघाल्यात. आमच्याकडे शिक्षक येतात, मॅडम माझ्या जर्नलचा फॅक्टर ७.८ आहे, सर्टिफिकेट पण दाखवतात रंगीत. खरा फॅक्टर जेसीआरमध्ये, म्हणजे त्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, तिथे ते जर्नलच नसतं. काहींना खरंच माहीत नसतं हो, पगारातले पैसे भरलेले असतात, सांगताना माझ्याच पोटात तुटतं.

पामबीच

मी थोडा विरोधी सूर लावते, राग नको.

तुम्ही सगळे वाचा वाचा म्हणताय. वाचणार कोण? मी ऐरोलीला राहते, इंजिनियरिंगला शिकवते, घरात आधी कोणी कॉलेजही बघितलेलं नव्हतं. आकडे यायच्या आधी प्रमोशन कसं व्हायचं ते जुन्या लोकांना विचारा. सिनियॉरिटी, इंटरव्ह्यूचे मार्क आणि पॅनेलवर आपला कोण आहे. इंटरव्ह्यूच्या खोलीत मला विचारलेलं की मूल लहान आहे तर रिसर्चला वेळ कसा देणार. तेव्हा माझ्या बाजूने बोलणारं तिथे एकच होतं, स्कोपसचं प्रोफाइल. माझ्या पेपरांना बाहेरच्या देशातल्या अनोळखी लोकांनी साइट केलं होतं, त्यांना माझं आडनाव कळत नव्हतं, मी कोणाची माणूस हे कळत नव्हतं. तो आकडा बघून खोली गप्प झाली.

त्यामुळे आकडे काढून टाका, तज्ज्ञ ठरवतील, हे ऐकलं की मला भीती वाटते. तज्ज्ञ म्हणजे शेवटी तीच चार माणसं.

आणि आकडा वाईट असेल तर चांगला आकडा वापरा ना. फील्ड वेटेड सायटेशन म्हणून प्रकार आहे, त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या जागतिक सरासरीशी तुलना करतात, १ म्हणजे सरासरीइतकं. मग गणितवाल्याची तुलना बायोलॉजीवाल्याशी होत नाही. पर्सेंटाइल वापरा. सरसकट एच-इंडेक्स वाचून दाखवणं चूक आहे हे मान्यच, पण मोजायचंच नाही हे मला मान्य नाही.

तलावपाळी

पामबीच, राग कसला, तुमचा मुद्दा मी माझ्या टिपणात पहिल्या नंबरवर घेतलाय. वशिल्याला आडवा येणारा आकडा असेल तर तो राहिलाच पाहिजे. आमच्या समितीत वाचण्याची सोय आहे पण वेळ नाही असं सांगितलं जातं, मला तिथे धक्का द्यायचाय.

शून्य_शेष

डोंबिवलीहून लिहितोय पण नोकरी ठाण्याला म्हणून चालवून घ्या. विषय गणित.

आमच्यात सायटेशन हा प्रकारच वेगळा आहे. पेपर लिहायला दोन-दोन वर्षं, लेखक एक किंवा दोन, शेवटी संदर्भ वीसच्या आत, आणि दुसऱ्याने तो वापरेपर्यंत आणखी पाच वर्षं जातात. इम्पॅक्ट फॅक्टर तर दोन वर्षांचीच खिडकी बघतो. गणितातली उत्तम जर्नल घ्या, त्यांचा फॅक्टर बायोलॉजीतल्या मध्यम जर्नलपेक्षा कमी निघतो. आणि क्षेत्र लहान असल्यामुळे चार जणांनी ठरवून एकमेकांना साइट केलं की लगेच टॉपला. क्लॅरिव्हेट दरवर्षी हायली साइटेड रिसर्चर्सची यादी काढतं, त्यातून २०२३ला त्यांनी गणित हा विभागच काढून टाकला. त्याच वर्षी एकूण हजाराहून जास्त नावं त्यांनी संशयावरून गाळली. मोजणाऱ्यालाच जर आपल्या मोजमापावर विश्वास राहिला नाही तर आपण कॉलेजात ते कशाला कवटाळून बसायचं?

एच-इंडेक्सबद्दल पण बोलतो. होर्हे हिर्श, कॅलिफोर्नियाचे फिजिक्सवाले, त्यांनी २००५ साली काढला. एच पेपर असे की प्रत्येकाला किमान एच सायटेशन. तुमचे दहा पेपर आणि प्रत्येकाला दहा किंवा जास्त, तर एच दहा. आता असं धरा की एका माणसाचे तीनच पेपर आहेत आणि प्रत्येकाला पाचशे सायटेशन. त्याचा एच तीनच. तीनच्या वर जाऊच शकत नाही. दुसऱ्याचे वीस पेपर, प्रत्येकाला वीस, त्याचा एच वीस. कोणाचं काम जास्त वापरलं गेलं? बेरीज करा, १५०० विरुद्ध ४००. आणि एच कधी कमी होत नाही, माणूस काम थांबवून घरी बसला तरी वाढत राहतो, त्यामुळे तरुण माणूस कायम मागे. हिर्श यांनी स्वतः २०२० साली लिहिलंय की ह्या मापाचे गंभीर वाईट परिणाम होऊ शकतात.

आपल्या जिल्ह्याचं एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. द. रा. कापरेकर. जन्म १९०५चा डहाणूचा, तेव्हा तो ठाणे जिल्हाच, आणि हायस्कूलचं शिक्षण ठाण्यात. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा, येईल त्यावर परत तेच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ वर येऊन थांबता. १९४९ साली त्यांनी हे शोधलं. भारतातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही आणि १९७५ साली मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमधल्या सदरात लिहिल्यावर जगाला नाव कळलं. मधली २६ वर्षं या माणसाच्या रिसर्च स्कोअरच्या रकान्यात आपण काय लिहिलं असतं?

घोडबंदर_रोड

कापरेकर ठाण्यात शिकले हे माहीतच नव्हतं. मुलांना सांगतो उद्या वर्गात. ३५२४ घेऊन बघितलं आत्ता, तीन वेळात आलं ६१७४.

खारघर_हिल

मी पीएचडी करतेय, बायोलॉजी, चौथं वर्ष. आमच्या बाजूने सांगते.

आम्हाला काय मेसेज येतात बघा, हा परवाचा, नावं काढून देतेय: "स्कोपस क्यू टू जर्नल, पेपर अ‍ॅक्सेप्टेड, फर्स्ट ऑथर आणि थर्ड ऑथर पोझिशन शिल्लक, सहा आठवड्यांत ऑनलाइन, सायटेशन पॅकेज वेगळे." सायटेशन पॅकेज! म्हणजे पेपरवर नाव विकत घ्यायचं आणि नंतर त्याला साइट करणारे पण विकत. ग्रुपवर कोणी रिपोर्ट पण करत नाही इतकं हे नेहमीचं झालंय. जगभरात २०२३ला दहा हजारांच्या वर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांहून जास्त हिंदावी या एकट्या प्रकाशकाच्या जर्नलांतले. ते पेपर कुणाच्या तरी प्रमोशनला, कुणाच्या पीएचडीला लागलेच असणार.

आणि रिव्ह्यूमध्ये काय होतं तेही सांगते. माझ्या पहिल्या पेपरला एका रिव्ह्यूअरने शास्त्राबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि खाली हे सहा पेपर साइट करावेत म्हणून यादी. सहाही पेपरांत एक नाव कॉमन. विषयाशी संबंध नाही. मी गाइडना विचारलं तर म्हणाले संपादकांना सरळ लिही की हे संदर्भ लागू होत नाहीत. लिहिलं आम्ही, आणि पेपर लागला. पण ज्यांच्या डोक्यावर डेडलाइन आहे ते कशाला वाद घालतील, टाकतात सहा ओळी.

पामबीच ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण अनोळखी लोकांनी केलेली सायटेशन हे आता गृहीत धरता येत नाही हो. २०२४ मध्ये दोन संशोधकांनी हे किती सोपं आहे ते दाखवायला लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर १२ खोटे पेपर आणि त्यांना साइट करणारे आणखी खोटे पेपर टाकले, गूगल स्कॉलरने मांजराला १३२ सायटेशन आणि एच-इंडेक्स ११ दिला. समितीतले सर मोबाइलवर जे उघडतात ते हेच गूगल स्कॉलर.

आणि कॅटलिन कारिको यांचं तर सगळ्यांना माहीतच आहे. कोविडच्या लशींमागच्या एमआरएनएवर काम करत राहिल्या, ग्रँट मिळेना म्हणून १९९५ साली पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत त्यांना खालच्या पदावर टाकलं. ज्या पेपरवर पुढे लशी उभ्या राहिल्या तो २००५चा, आणि २०२३ला नोबेल. दोन वर्षांच्या खिडकीत यातलं काय दिसलं असतं?

पामबीच

लॅरीचं माहीत होतं. म्हणूनच मी स्कोपस म्हटलं, गूगल स्कॉलर नाही म्हटलं. पण पॅकेजवाला मेसेज मलाही आलाय, आणि ते पेपर स्कोपसमध्येच लागतात हे खरं आहे. तो मुद्दा मान्य.

कळवा_नाका

तुमचं सगळं सायन्सचं चाललंय, आमच्याकडे कोणी बघा की जरा.

मी मराठीत पीएचडी केली, कळवा-मुंब्र्याकडच्या आगरी बोलीतल्या लग्नाच्या गाण्यांवर. आज्यांच्या समोर बसून रेकॉर्ड केली गाणी, धवलारीण (लग्नात ही गाणी म्हणणारी बाई) म्हणते ती, काही गाणी फक्त एकाच बाईला येत होती आणि ती आता हयात नाही. यावर मराठीत लिहिलं कारण ज्यांची गाणी त्यांना वाचता यावं. मराठी नियतकालिकं स्कोपसमध्ये शोधून बघा, हाताला काही लागतं का. आमच्यात महत्त्वाचं काम पुस्तकातून येतं, आणि पुस्तकाच्या तळटिपेत तुमचं नाव आलं तर ते कुठलंही मशीन मोजत नाही.

यूजीसीने आधी मान्य जर्नलांची स्वतःची यादी केली, २०१८ला त्यातून चार हजारांहून जास्त जर्नल काढली कारण त्यात बोगस शिरली होती, मग २०१९ला केअर लिस्ट नावाची नवी यादी आणली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठात चालायचं, मग फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली आणि संस्थांनीच ठरवा म्हणाले. दर वेळी आम्ही फॉर्म बदलत बसतो. ज्यांनी एखाद्या लिस्टवर भरवसा ठेवून पेपर पाठवला आणि छापून येईपर्यंत लिस्टच गेली त्यांचं काय?

तलावपाळी सर, तुमच्या मॅडमना एक सांगा, कोळी लोक जे सांगतात ते त्या लिहून ठेवतात ना, ते आमच्या विषयातही सोनं आहे. जपून ठेवा म्हणावं त्या वह्या.

नवीन_पनवेल

एवढं सगळं वाचल्यावर एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती आमच्या इथलीच आहे. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे, आयआयजी. तिचं मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने चुंबकीय नोंदी बिघडणार म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, ती अजून चालू आहे.

तर १८५९च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावरून मोठं वादळ आलं, कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात ते. युरोपात टेलिग्राफच्या तारा बिघडल्या. कुलाब्यात तेव्हा माणसं उपकरणात डोळ्यांनी बघून आकडे वहीत उतरवत होती. त्या वह्या राहिल्या. २००३ साली जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्चमध्ये एक पेपर आला, लेखकांत आयआयजीचे शास्त्रज्ञही होते, आणि त्यात कुलाब्याच्या नोंदींवरून दाखवलं की त्या दिवशी इथे चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्ला खाली गेला होता. पॉवर ग्रिड आणि सॅटेलाइटला सौर वादळाचा धोका किती यावर आज जगात कुठेही चर्चा निघाली की ह्या नोंदीचा उल्लेख येतो. १४४ वर्षांनी कामाला आलं. ज्याने रात्री जागून तो आकडा लिहिला त्याच्या नावावर एकही सायटेशन नाही.

सांगायचं कारण हे, की खाडीतल्या गाळाच्या नोंदी त्याच जातीच्या आहेत. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ला जाहीर झाला, २०२२ला रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आला. फ्लेमिंगो येतात कशावर? गाळातल्या आणि पाण्यातल्या खाद्यावर. पुढे कधी कोणी विचारलं की हे पक्षी कमी का झाले किंवा वाढले का, तर उत्तर इम्पॅक्ट फॅक्टर पाचवाल्या पेपरात नसणार, ते दर ओहोटीला कोणीतरी मोजून ठेवलेल्या त्याच जागेच्या त्याच गाळाच्या आकड्यांत असणार. असली मोजणी मध्येच थांबली तर मागे जाऊन परत करता येत नाही. ज्या पद्धतीत अशा माणसाला १३ गुणांच्या ७० टक्क्यांवर आणून ठेवतात त्या पद्धतीत पुढचा माणूस गाळात उतरेलच कशाला, तो पण कुठेतरी सहावा लेखक होईल. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

शून्य_शेष

नवीन_पनवेल, जबरदस्त. हे मीटिंगमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवा सर.

घोडबंदर_रोड

पण सर, नियम नियम आहे ना. ११० पाहिजेत तर पाहिजेत, कॉलेजची कमिटी काय करणार? मॅडमचे ९१ आहेत, वाचून ते ११० होणार नाहीत.

तलावपाळी

घोडबंदर_रोड, बरोबर बोट ठेवलंत. ११० ची रेषा आम्हाला हलवता येणार नाही, त्यासाठी वरती लिहावं लागेल. पण स्कोअरच्या तक्त्यात पेपरशिवाय पुस्तकं, अनुवाद, प्रोजेक्ट, पीएचडी गायडन्स, ऑनलाइन कोर्स हेही रकाने आहेत आणि मॅडमनी ते जवळजवळ कोरे ठेवलेत कारण त्यांना वाटलं पेपरच मोजतात. त्यांचं मराठीतलं खाडीवरचं पुस्तक आहे, आयएसबीएन असलेलं, ते फायलीत लावलेलंच नाही. पुस्तक उघडून बघितलं असतं तर हे पहिल्याच मीटिंगला समजलं असतं, तेवढ्यासाठी तरी वाचा म्हणतोय.

तुमच्या सगळ्यांच्या पोस्टवरून मी जे मांडणार आहे ते असं. बेरीज तक्त्याप्रमाणे होईलच. त्यासोबत प्रत्येक उमेदवाराने स्वतःला महत्त्वाचे वाटतात ते जास्तीत जास्त पाच पेपर किंवा पुस्तकं द्यायची, आणि प्रत्येकाबरोबर अर्धं पान, यात मी स्वतः काय केलं आणि ते कोणाच्या उपयोगाला आलं. सहावा लेखक असेल तरी हरकत नाही, त्याने काय केलं ते लिहावं, यंत्र त्याने चालवलं असेल तर तसं लिहावं, आमच्या त्या सरांनाही याचा फायदाच होईल. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. इन्साने, म्हणजे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१८च्या धोरणपत्रात हेच म्हटलंय की कुठे छापलं यापेक्षा काय छापलं ते बघा. सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२-१३चा, तोही सांगतो की जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर माणसाच्या नेमणुकीला आणि बढतीला वापरू नका. ब्रिटनमध्ये तर सगळ्या देशाचं मूल्यमापन होतं, आरईएफ म्हणतात, २०२१च्या फेरीत २५ टक्के वजन विद्यापीठाबाहेर काय परिणाम झाला याला होतं आणि इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा नाही असा पॅनेलना नियम. तिथे वेळ मिळतो तर आमच्या दोन फायलींना का मिळू नये.

पामबीच, तुमच्यासाठी एक कलम टाकलंय. वाचणाऱ्यांपैकी किमान एक जण आमच्या कॉलेजच्या आणि शक्य तर मुंबई विद्यापीठाच्याही बाहेरचा, आणि त्याने मत लेखी द्यायचं, कारणांसकट. फील्ड वेटेड आकडा ज्याला द्यायचा त्याला देऊ द्या, एच-इंडेक्स मीटिंगमध्ये वाचून दाखवायचा नाही. चालेल?

पामबीच

लेखी आणि कारणांसकट असेल तर चालेल. माझ्या इंटरव्ह्यूत तो मुलाचा प्रश्न कोणी लेखी विचारला नसता. अजून एक घाला, उमेदवाराला ते लेखी मत बघायला मिळालं पाहिजे आणि उत्तर द्यायची संधी पण.

तलावपाळी

घातलं.

खारघर_हिल

सर, मागे घेतलेले पेपर तपासायचं पण टाका ना. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस फुकट बघता येतो, दहा मिनिटांचं काम आहे. एनआयआरएफनेही (केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी) रँकिंगमध्ये रिट्रॅक्शनसाठी मार्क कापायचं ठरवलंय, म्हणजे प्राचार्यांना हे लगेच पटेल.

ग्रंथपाल_वाशी

ते काम लायब्ररीला द्या, प्रत्येक कॉलेजात आमच्यातलं कोणीतरी आनंदाने करेल, आम्हाला कोणी विचारतच नाही.

आणि मॅडमच्या नोंदींबद्दल. वह्या कपाटात ठेवू नका. टेबल करून झेनोडो या डेटा ठेवायच्या साइटवर टाका, सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवतं ते, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे पुढे कोणी त्या नोंदी वापरल्या तर मॅडमचं नाव साइट करता येईल. ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आधी काढा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ, जागेचे अक्षांश रेखांश आणि चाळणीची जाळी किती मिलिमीटरची हे प्रत्येक ओळीत हवंच, नाहीतर दुसऱ्याला वापरता येत नाही. कोळीवाड्यातल्या लोकांनी सांगितलेलं वेगळ्या फाइलमध्ये, त्यांची परवानगी घेऊन, आणि त्यांना चालत असेल तर त्यांच्या नावासकट. कळवा_नाका, त्या भागाला तुमची मदत लागेल. शनिवारी दुपारी मी मोकळी आहे, ठाण्याला येते, मॅडमना सांगा जुन्यात जुनी वही आधी काढून ठेवायला.

कळवा_नाका

मी पण येतो शनिवारी.